चाकूरच्या रुईवरचा वाघ

महाराष्ट्राने 2015 साली नीलवंत या फुलपाखराला राज्य फुलपाखराचा मान दिला. फुलपाखराला असा मान देणारं हे देशातलं पहिलं राज्य. निवड देखणी आहे यात वाद नाही. तळहातापेक्षा मोठा आकार, मखमली काळा रंग, मागच्या पंखांवर निळाईचा रुंद पट्टा. पण नीलवंताला सह्याद्रीतली ओली झाडी लागते, कोकणातल्या बागा लागतात. लातूर-नांदेड रस्त्यावरच्या चाकूरला बसून त्याची वाट बघण्यात फारसा अर्थ नाही. आमच्याकडे काळी जमीन, सोयाबीन, तूर, हरभरा. आणि जिथे यातलं काहीच येत नाही तिथे रुई. बांधावर, रेल्वेच्या कडेला, पडक्या भिंतींच्या ढिगाऱ्यावर, मुरमाड पडीकात. त्या रुईभोवती वर्षातले बहुतेक महिने नारंगी रंगाचं एक मध्यम आकाराचं फुलपाखरू रेंगाळत असतं. इंग्रजीत त्याला प्लेन टायगर म्हणतात, शास्त्रज्ञांच्या वहीत ते डॅनॉस क्रिसिपस. लिनियसने 1758 सालीच त्याची नोंद करून ठेवली आहे. आफ्रिकेपासून आग्नेय आशियापर्यंत ते आढळतं, आणि इतकं सर्रास आढळतं की फुलपाखरांचे हौशी छायाचित्रकार त्याच्यासाठी कॅमेरासुद्धा वर उचलत नाहीत. मला मात्र ते नीलवंतापेक्षा जास्त वाचनीय वाटतं.

वाचनीय हा शब्द मुद्दाम वापरला. दहावीच्या मराठीच्या पेपरात कवितेचं रसग्रहण विचारतात, आणि ज्या जिल्ह्याने परीक्षेचा 'लातूर पॅटर्न' जन्माला घातला तिथली मुलं आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं असे तीन परिच्छेद घोटून जातात. गुणही मिळतात. पण या फुलपाखराला तो साचा चालत नाही, कारण याचं सौंदर्य एका परिच्छेदात आणि आशय दुसऱ्या परिच्छेदात असं करताच येत नाही. याच्या अंगावरचा प्रत्येक रंग काहीतरी सांगण्यासाठी आहे, आणि जे सांगायचं आहे ते रुईच्या चिकातून आलेलं आहे.

आधी रूप बघू. पंख पसरले की सात-आठ सेंटिमीटर. मूळ रंग पिकल्या संत्र्याच्या सालीचा, पण किंचित तपकिरीकडे झुकलेला. पुढच्या पंखाचं टोक काळं आणि त्या काळ्यात पांढऱ्या ठिपक्यांचा तिरपा पट्टा. चारही पंखांना काळी किनार, आणि किनारीत पुन्हा बारीक पांढरे ठिपके. डोकं आणि छाती काळी, तिच्यावरही पांढरे ठिपके. मागच्या पंखाच्या मधोमध मादीला तीन काळे ठिपके असतात, नराला चार. हा चौथा ठिपका लक्षात ठेवा, त्याचं काम पुढे येणार आहे. एवढं सगळं दहा पावलांवरूनही स्पष्ट दिसतं. बारीक नक्षी, झिरमिळ्या, रंगांच्या छटांचे खेळ, यातलं काही नाही. नारंगी, काळा, पांढरा. तीनच रंग, आणि तिन्ही एकमेकांविरुद्ध उठून दिसणारे.

आणि चाल. बहुतेक फुलपाखरं तुटक उडतात, मध्येच वर, मध्येच बाजूला, कारण सरळ उडणारं फुलपाखरू पक्ष्याला टिपायला सोपं. शेतातलं पिवळं फुलपाखरू एका रेषेत चार हातसुद्धा जात नाही. हे मात्र कमरेएवढ्या उंचीवरून संथ तरंगत जातं. दोन-चार वेळा पंख हलवायचे, मग ते थोडे वर उचललेले ठेवून हवेवर घसरायचं, मग पुन्हा दोन-चार वेळा. सकाळी लवकर बाहेर पडतं, दिवस मावळेपर्यंत दिसत राहतं. कोतवाल तारेवर बसलेला असतो, खाली हे मिरवत जातं आणि कोतवाल जागचा हलत नाही. जुन्या अलंकारशास्त्रात स्वभावोक्ती नावाचा अलंकार आहे: एखाद्या प्राण्याच्या हालचालीचं जसंच्या तसं, हुबेहूब वर्णन. या उडण्याची स्वभावोक्ती एका शब्दात करायची तर मी 'निर्धास्त' म्हणेन. पण कोतवालाच्या डोळ्यांदेखत निर्धास्त राहायला काहीतरी आधार लागतो.

आधार रुईचा. कुणी तिला रुचकी म्हणतं. पान तोडलं की पांढरा चीक भळभळतो. गुरं तिला तोंड लावत नाहीत. डोळ्यात चीक गेला तर डोळा जाईल म्हणून पोरांना दटावलं जातं, आणि त्याच चिकाचा थेंब रुतलेल्या काट्यावर लावला जातो. गुडघा धरला की तेल लावून शेकलेलं पान बांधतात. रथसप्तमीला अर्कपत्र म्हणून हीच पानं डोक्यावर ठेवून आंघोळ करायची रीत आहे, आणि शनिवारी मारुतीच्या गळ्यात हार हिचाच. औषधी वनस्पती बघायला लोक आमच्या तालुक्यातल्या वडवळ नागनाथच्या बेटावर जातात. रुई त्यांना वाटेत शंभर ठिकाणी भेटलेली असते आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. तसल्या कोरड्या सालातही हिरवी राहणारी जी मोजकी झाडं असतात, त्यांत ही एक.

तिच्या चिकात कार्डेनोलाइड नावाची द्रव्यं असतात. ती हृदयावर मारा करतात. पेशींमध्ये सोडियम-पोटॅशियमची ने-आण करणारा जो पंप असतो, तोच ती बंद पाडतात. कमी प्रमाणात पोटात गेली तर मळमळ आणि ओकारी, जास्त गेली तर हृदय बंद. झाडाने हे सगळं स्वतःच्या रक्षणासाठी केलं. या फुलपाखराच्या वंशाने पिढ्यान्‌पिढ्या त्या विषाशी जुळवून घेतलं, इतकं की आता अळीला खायला रुई किंवा तिच्या गोतातली उतरण, काकतुंडी अशीच झाडं लागतात.

मादी अंडं घालायला येते तो प्रकार सावकाश बघण्यासारखा आहे. ती पानावर उतरते आणि पुढच्या आखूड पायांनी पान भराभर ठोकते. हे पाय इतके लहान असतात की फुलपाखरू चारच पायांचं वाटतं. पण चव त्यांनाच कळते. पान पसंत पडलं की पोट वाकवून पानाच्या खालच्या बाजूला एक अंडं चिकटवते. एकच. मग दुसरं पान, बहुतेकदा दुसरं झाड. अंडं खसखशीपेक्षा थोडं मोठं, घुमटाच्या आकाराचं, चंदेरी पांढरं, त्यावर उभ्या बारीक कडा. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते आणि पहिलं जेवण म्हणून अंड्याचं कवचच खाऊन टाकते.

पुढचा भाग मला या सगळ्या चरित्रातला सर्वांत सरस वाटतो. दोन-तीन मिलिमीटरच्या अळीपुढे प्रश्न असा असतो की पानाला दात लावला की चीक उसळणार. विष पचेल, पण चीक चिकट आहे. तोंडच चिकटून बसलं तर तिथेच शेवट. म्हणून ती आधी पानाच्या खालच्या बाजूला एक छोटं वर्तुळ कोरते, चिकाच्या बारीक नळ्या तोडते, आणि वर्तुळाच्या आतला कोरडा पडलेला भाग खाते. मोठी झाली की वर्तुळ पुरत नाही. मग ती पानाच्या मधल्या जाड शिरेवर येते आणि देठाजवळ ती कुरतडते. चीक ओघळतो, ती मागे सरते, थांबते, तोंड पुसल्यासारखं डोकं पानावर घासते, पुन्हा कुरतडते. काही वेळाने पान तिथून मोडल्यासारखं लोंबतं. आता पुढच्या पानात चीक पोचत नाही. मग अळी टोकाकडे चालत जाते आणि निवांत खायला लागते. रुईचं एखादं पान विनाकारण मान टाकून लोंबलेलं दिसलं तर ते उलटून बघावं. पुष्कळदा कर्ती तिथेच सापडते.

ती लपलेली नसतेच. अंगभर काळे, पांढरे आणि पिवळे पट्टे, आणि पाठीवर काळ्या मांसल शिंगांच्या तीन जोड्या: एक पुढे, एक मधे, एक शेपटीकडे. हिरव्या पानावर याहून ठळक काही असू शकत नाही. म्हणजे फुलपाखरू व्हायच्या आधीच तिने आपलं म्हणणं मांडायला सुरुवात केलेली असते. बाकीच्या किती तरी अळ्या पानाच्या, काडीच्या, पक्ष्याच्या विष्ठेच्या वेषात जगतात. लिंबावरची अळी लहानपणी हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते. रुईवरची अळी मात्र दिसावं म्हणूनच अशी रंगलेली असते.

दोनेक आठवड्यांत वाढ पूर्ण होते आणि ती उलटी लटकून कोश करते. एवढ्या भडक अळीचा कोश मात्र शांत, पानांत असेल तर फिकट हिरवा, भिंतीवर किंवा काडीवर असेल तर बऱ्याचदा गुलाबीसर. त्यावर कमरेशी काळ्या-सोनेरी ठिपक्यांची ओळ आणि इथे-तिथे सोन्याचे टिंब. हे सोनं रंगद्रव्याचं नाही. कोशाच्या आवरणातले अतिपातळ थर प्रकाश परत फेकतात म्हणून ते चमकतं. फुलपाखरू निघून गेलं की रिकाम्या कोशावर ते राहत नाही. आठवडाभराने, कधी आणखी थोड्या दिवसांनी, कोश काळवंडतो, आतून नारंगी दिसायला लागतो, आणि एका सकाळी फुलपाखरू बाहेर येतं. अळीने साठवलेलं विष त्याच्या अंगात तसंच असतं.

अनुभव नसलेला पक्षी कधीतरी ते धरतो. पंख चिवट असतात, अंगही लवचिक, त्यामुळे एका चोचीने मरत नाही. धरलं की मेल्याचं सोंग घेतं. कडू चव लागते, पोटात गेलंच तर ओकारी होते, आणि पक्षी तो नारंगी रंग जन्मभर विसरत नाही. याच गोतातल्या अमेरिकन मोनार्क फुलपाखरावर लिंकन ब्राउअर यांनी 1960 च्या दशकात प्रयोग केले. मोनार्क खाऊन ओकणाऱ्या ब्लू जे पक्ष्याचं त्यांचं छायाचित्र पुढे पाठ्यपुस्तकांत गेलं. शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेर रुईचे हार विकणाऱ्या एका मावशींना मात्र यासाठी प्रयोगशाळा लागली नाही. मी टोपलीतली पानं उलटून बघत होतो. त्या म्हणाल्या, "काय बघायलाव? किडा हाय त्यो. पाखरू बी तोंड लावत न्हाई त्याला." आणि अळीचं पान बाजूला ठेवून त्यांनी पुढचं ओवायला घेतलं.

इथवर सगळं सरळ आहे: कडू आहे म्हणून रंगलेलं आहे. गंमत पुढे आहे. पावसाळ्यात सोयाबीनच्या ओळींत घोळ माजते. घोळाची पातळ भाजी आणि भाकरी हे इथलं ठरलेलं जेवण. त्या घोळीवर आणखी एका फुलपाखराची अळी वाढते, इंग्रजीत डॅनाइड एगफ्लाय. त्याचा नर काळा, पंखांवर मोठे पांढरे ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याभोवती जांभळट निळी झळाळी. मादी? मादी थेट रुईवरच्या वाघासारखी. तोच नारंगी, तेच काळं टोक, तोच पांढरा तिरपा पट्टा, तीच ठिपक्यांची किनार. नर-मादी शेजारी ठेवली तर एका जातीची आहेत यावर विश्वास बसणार नाही. घोळ आपण खातो, तेव्हा तिच्यावर वाढलेल्या मादीच्या अंगात विष येणार कुठून? ती पूर्ण खाण्याजोगी आहे. कोतवाल तिला वाघ समजून सोडून देतो. संस्कृत साहित्यशास्त्रातल्या भ्रांतिमान अलंकाराचं याहून चोख उदाहरण मला माहीत नाही: साम्यामुळे एकाच्या जागी दुसरं भासतं आणि पाहणारा त्या भासाप्रमाणे वागतो. फरक एवढाच, की इथे रसिक म्हणजे कोतवाल, आणि त्याची दाद म्हणजे त्याने न केलेली झडप.

नक्कल पकडायची असेल तर मागचा पंख बघा. असली फुलपाखराच्या पंखावर मध्यभागी तीन किंवा चार काळे ठिपके असतात. नकलीच्या वरच्या कडेजवळ एखादाच. शिवाय दचकवलं की नकली मादी संथपणा विसरते आणि सुसाट पळते. वेष घेता आला, पण निर्धास्तपणा पूर्ण उतरवता आला नाही.

या नकलेचं शास्त्र हेन्री वॉल्टर बेट्स या इंग्रज निसर्गअभ्यासकाने अॅमेझॉनच्या जंगलातल्या फुलपाखरांवरून 1862 साली मांडलं. नकली संख्येने कमी असतील तोवरच त्यांचं फावतं. पक्ष्यांना गोड नारंगी जास्त भेटायला लागली तर नारंगीची धास्ती संपते आणि असली-नकली दोघंही मार खातात. आपल्याकडे या विषयावर मोठं काम 'एका रानवेड्याची शोधयात्रा' लिहिणाऱ्या कृष्णमेघ कुंटे यांचं आहे. कढीपत्त्यावर आणि लिंबावर वाढणाऱ्या कॉमन मॉर्मन या फुलपाखराच्या माद्याही दुसऱ्या विषारी फुलपाखरांचा वेष घेतात. तो वेष मुख्यतः एका जनुकाच्या हातात असतो हे दाखवणारा त्यांचा आणि सहकाऱ्यांचा निबंध 2014 साली 'नेचर'मध्ये आला. कढीपत्ता चाकूरला घरोघर आहे, तेव्हा ते नाटकही अंगणात बघता येतं.

मग असली तरी सगळी असली असतात का? 1975 साली ब्राउअर आणि सहकाऱ्यांनी पश्चिम आफ्रिकेतली हीच प्लेन टायगर फुलपाखरं तपासली, तेव्हा काहींच्या अंगात ते विष आढळलंच नाही. अळीने कोणतं झाड खाल्लं यावर सगळं अवलंबून. सौम्य झाडावर वाढलेलं फुलपाखरू आतून गोड निघतं, पण गणवेश तोच घालतं आणि कडू भावंडांच्या नावावर जगतं. ही गोष्ट कळल्यावर मला हे फुलपाखरू जास्तच आवडायला लागलं. नुसतं 'विषारी म्हणून भडक' एवढंच असतं तर ते बोधकथेच्या लायकीचं झालं असतं. आणि विष असूनही अळी पूर्ण सुरक्षित नसतेच. बारीक गांधीलमाश्या आणि टॅकिनिड माश्या तिच्यावर अंडी घालतात, त्यांच्या अळ्या तिला आतून खातात. विषाची जरब पक्ष्यांना. माशीला तिची पर्वा नाही.

आता नराचा तो चौथा ठिपका. ती गंधाची पिशवी आहे. नर ताग, खुळखुळा, भुरुंडी अशा झाडांच्या वाळक्या काड्यांवर तासन्‌तास बसलेले दिसतात. तिथे फूल नसतं, मध नसतो. ते त्या काड्यांतली वेगळीच अल्कलॉइड द्रव्यं शोषून घेत असतात आणि त्यांतून मादीसाठी गंध बनवतात. पोटाच्या टोकाशी केसांचे दोन कुंचले असतात. ते नर त्या पिशवीत बुडवतो आणि मादीपुढे फुलवतो. म्हणजे रक्षणाला रुईचा चीक आणि प्रीतीला तागाची काडी. हिरवळीच्या खतासाठी ताग पेरून तो जमिनीत गाडणाऱ्या शेतकऱ्याने कडेचे चार ताटवे वाळू दिले, तर हा प्रकार त्याच्याच बांधावर घडतो.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये नेबामुन नावाच्या इजिप्शियन अधिकाऱ्याच्या थडग्यातलं एक भित्तिचित्र आहे, सुमारे 3400 वर्षांपूर्वीचं. पाणथळात पक्ष्यांची शिकार चालली आहे, एक मांजरही पक्षी धरते आहे, आणि मधूनमधून नारंगी-काळी फुलपाखरं उडताहेत. ती हीच. चित्रात सगळ्यांची पळापळ आहे, फक्त फुलपाखरं आपल्या जागी. चित्रकाराला विषाची कल्पना होती की नाही हा भाग निराळा; पण त्याने नीट बघितलं होतं.

आपल्याकडे बघणारे कमी होताहेत आणि फवारणारे वाढताहेत. मजुरी परवडत नाही म्हणून बांधावर तणनाशक मारलं जातं. त्यात रुई जाते, घोळ जाते, असली-नकली दोघांचाही पाळणा एका फवाऱ्यात मोडतो. रस्ता रुंद झाला की कडेची रुई सर्वांत आधी निघते, कारण तिची तक्रार करायला कुणी येत नाही. प्लेन टायगर लगेच नामशेष होणार नाही, ते चिवट आहे. पण गावातून दिसेनासं व्हायला नामशेष होण्याची गरज नसते.

म्हणून एवढंच सांगणं. फवारणीचा पंप पाठीवर घेतला तर पडीकातली रुई वगळा, तिने पिकाचं काही बिघडवलेलं नाही. आणि शनिवारच्या हारासाठी पानं तोडताना प्रत्येक पान एकदा उलटून बघा. खाली चंदेरी अंडं किंवा पट्ट्यांची अळी असेल तर ते पान झाडावर राहू द्या, शेजारचं तोडा.